खाली पालकाची सही

३ सप्टेंबर

वन्सं,

खुशाली नंतर विचारते, आधी कामाचं बोलते. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली दहा मिनिटं रबरी बूट काढण्यात गेली.

आमची बारकी स्पॅनिशच्या दुसऱ्या वर्षाला गेली. शाळेनं घरी छापील कागद पाठवलाय, 'दुसऱ्या वर्षी काय अपेक्षा ठेवावी'. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही ढकलत ढकलत. दोनदा वाचला तेव्हा कळला. पहिल्या वर्षी नाव, वय, रंग, आकडे झाले म्हणे. आता वर्गात पाऊल टाकलं की दुसरी भाषा बंद, तहान लागली तरी स्पॅनिशमध्येच लागली पाहिजे. पंधरा दिवसांतून एकदा उभं राहून तीन मिनिटं बोलायचं. आणि दर आठवड्याला एक पान लिहायचं, 'या आठवड्यात घरी काय घडलं'. खरंच घडलेलं पाहिजे असं नाही, रचलेलं चालेल, भाषा बरोबर हवी. खाली पालकाची सही. सही नसेल तर पान धरणार नाहीत. वर्ष संपताना बाहेरचे परीक्षक येणार आणि समोर बसवून पुन्हा घरचंच विचारणार. दुसरं काही सुचत नाही वाटतं त्यांना.

तुम्ही अकरा वर्षं तिकडं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करता, ती भाषा तुमच्या तोंडात बसलीय. म्हणून विचारते, हे जमण्यासारखं आहे का? पोरीचे मार्क चांगले आले तर नर्सिंगची एक शाळा आहे, दोन दिवसांच्या प्रवासावर. राहायची खोली त्यांचीच. दोन वर्षं परकी भाषा झालेली पाहिजे ही त्यांची अट. मला पोरगी या घरातून बाहेर काढायचीय. का ते विचारू नका. मोठ्या झाल्या की पोरींनी बाहेर पडावं, बस.

तुमचे दादा म्हणतात टायरच्या दुकानात बसव, पोपटासारखी बडबडून काय करणार. मी ऐकून घेते.

पहिलं पान तपासून आलंय, ते सोबत घातलंय. वर लाल तारा आहे, म्हणजे बरंच असावं. तरी वाचून सांगा. पोरगी सहीसाठी पान पुढं करते तेव्हा माझ्या तोंडाकडं टक लावून बघते, मला वाटतं कामचुकारपणा करते की काय. मला ती भाषा वाचता येत नाही हे तिला कळू दिलेलं नाही. गेल्या वर्षभर तिच्या पुस्तकात डोकं घालून बसत होते, तिला वाटतं आई बरोबरीनं शिकली. आईनं अडाणी दिसू नये एवढं मला कळतं.

उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. अक्षर वाकडं आहे कारण उजवा अंगठा मशीनमध्ये गेला. बरा होईल. तुम्ही कशा आहात?

तुमची वहिनी


२० सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र म्हाताऱ्यांच्या आंघोळी उरकल्यावर वाचलं. किती दिवसांनी आपल्या भाषेतलं काही हातात आलं.

दुसऱ्या वर्षाला घाबरू नकोस. पहिलं वर्ष सोपं असतं आणि खोटं असतं. माझं नाव अमुक, मला निळा रंग आवडतो, एवढ्यावर कोणाचं आयुष्य चालतं? दुसऱ्या वर्षी माणूस खरं बोलायला लागतो. मी इथं आले तेव्हा वर्षभर नुसती मान डोलावत होते. दुसऱ्या वर्षी एका म्हातारीशी भांडले, तेव्हा कळलं की भाषा आली.

बारकीचं पान वाचलं. छान लिहिते. रविवारी तुम्ही सगळे एकत्र जेवलात, दादानं काहीतरी गंमत केली आणि सगळे हसलात, असं लिहिलंय. बाईंनी आकड्यांचं कौतुक केलंय. पण तिला सांग, घरचंच कशाला लिहायचं? बाजार, पाऊस, मैत्रिणी, पुष्कळ विषय आहेत.

अंगठ्याला काय झालं नक्की? सुरी धरायच्या हातात मशीन कुठून आलं?

तुझी,
नणंद


८ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसले. लाइनवरच्या बायकांना वाटलं हिला कारखान्यातला गॅस चढला.

रविवारी एकत्र जेवलो? त्या रविवारी ताट भिंतीवर गेलं होतं. डाग अजून आहे, चुन्यानंही जात नाही. आणि तुमच्या दादांनी कोणाला हसवल्याचं मी एकोणीस वर्षांत पाहिलेलं नाही. तुम्हीच आठवून सांगा, पाहिलंय का तुम्ही?

तर पोरगी रचून लिहिते. आधी मला राग आला, मग म्हटलं शाबास. घरातलं घरात ठेवायची अक्कल तिला माझ्याआधी आली. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याच दिवशी तिला म्हटलं, "तू पानात काय लिहितेस ते मला कळलंय."

पांढरी पडली. म्हणाली, "आणि तुला चालतं?"

"चालतं म्हणजे? पळतं! असंच लिही. एकाच्या जागी दोन पानं लिही."

"बाबांना कळलं तर?"

"त्यांना कोण सांगतंय? मी सही करतेय ना? मग!"

माझ्या गळ्यात पडून रडली, वन्सं. पाच वर्षांची होती त्यानंतर पहिल्यांदाच. एवढं काय रडायचं? पण बरं वाटलं. हल्ली जेवतेही नीट. घरात काही आवाज झाला तरी दचकत नाही, नुसती बघत बसते.

तुम्ही अंगठ्याचं विचारलंत. कोंबड्या कापायच्या लाइनवर मी पंखांवर आहे. कोंबडी आकड्याला उलटी लटकून येते, डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा घालून धरायची, उजव्या हातानं दोन वार, दोन पंख. मिनिटाला बावीस कोंबड्या. त्यात कुठंतरी लागलं. मशीन म्हटलं काय, सुरी म्हटलं काय. तुम्ही पोलिस आहात का?

आणखी तीन पानं पाठवतेय, शेवटचं काल तपासून आलं. वाचा आणि काय काय मौजा केल्या आम्ही ते मलाही कळवा.

तुमची वहिनी

ता. क. दुकानातली टॉमी हरवलीय, ती टायर उचकटायची लोखंडी पहार. त्यावरून दोन दिवस घर डोक्यावर घेतलंय.


२९ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. आणि वाचून झालं की धावत घरी जा.

मी खोटं बोलले. पहिल्या पानात जेवणही नव्हतं, हसणंही नव्हतं. काय होतं ते लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे न करता:

'बाबा दुकानातून आले. रस्सा गार होता. त्यांनी ताट भिंतीवर मारलं. आईचा अंगठा दाराच्या फटीत धरला आणि दार लोटलं. मग पट्टा काढला. म्हणाले, मोज. आई मोजायला लागली. सातावर तिचा श्वास अडकला, तेव्हा म्हणाले, पहिल्यापासून. मी आतल्या खोलीत स्पॅनिशमध्ये मोजत होते. गेल्या वर्षी शिकवलेले आकडे मला न चुकता येतात.'

त्यावर बाईंनी तांबड्या शाईनं लिहिलंय, 'आकड्यांचा उत्तम वापर! कल्पनाशक्ती जबरदस्त. पुढच्या वेळी काहीतरी आनंदी लिही.' आणि तारा. खाली तुझी सही.

मी खोटं का बोलले ते ऐक. आमचे अण्णा आईला असंच मारायचे. मोज म्हणायचे. चुकली की पहिल्यापासून. हे आमच्या घराबाहेर कोणालाही माहीत नाही, मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मी सहा वर्षांची असताना माझ्या हातून दुधाचं भांडं पडलं. दादा नऊ वर्षांचा. तो पुढं झाला आणि म्हणाला, मी पाडलं. चौदा पट्टे. कपाटामागं बसून मी मोजले. त्या चौदांमुळं दादाविरुद्ध माझी जीभ कधी उचललीच नाही. पोरीचं पान वाचलं तेव्हा मला आधी तो नऊ वर्षांचा मुलगा दिसला. तू नंतर दिसलीस. लाज वाटते, पण खरं आहे.

पण तू पाठवलेलं शेवटचं पान ऐक:

'टॉमी माझ्या गादीखाली आहे. पुढच्या वेळी ते मोज म्हणतील तेव्हा मी मोजणार नाही. पट्टा काढताना ते बक्कलाकडं वाकून बघतात, मान समोर येते. एक पुरेल. आईला सगळं माहीत आहे. ती दर आठवड्याला वाचून सही करते. ती म्हणाली, असंच लिही.'

वहिनी, पोरगी त्याला मारणार आहे, आणि तिला वाटतंय तू परवानगी दिलीस. हे पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागतील. तुझा फोन दादाकडं असतो हे आता माझ्या डोक्यात शिरलं. कारखान्याच्या नंबरवर चारदा लावला, कोणी उचलत नाही.

धाव.


२१ नोव्हेंबर

वन्सं,

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर उकिरडा उकरल्यासारखं आलंय, समजून घ्या. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये आहे.

तुमचं पत्र दहा तारखेला दुपारी मिळालं. मुकादमाला सांगितलं पोट बिघडलं, आणि रबरी बूट पायात तसेच ठेवून पळाले. रस्त्यावर लोक बघत होते, अंगावर कोंबड्यांचं रक्त. घरी कोणी नव्हतं. गादी उचलली. होती. दोन हात लांब, फडक्यात नीट गुंडाळलेली, बाळासारखी.

ती विहिरीत टाकावी, नाल्यात टाकावी, काहीतरी करावं म्हणून वळले तर दारात तुमचा भाऊ. ट्रक अडून राहिला होता म्हणून पुन्हा टॉमी शोधायला आला होता. माझ्या हातात बघितली.

"घरातच चोर," म्हणाला. "माझ्या पोटावर पाय देतेस?"

मी काय सांगणार? पोरीनं ठेवली असं? त्यानं हिसकावली. म्हणाला, "मोज."

मी मोजलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कोंबडीचा सांधा कुठं सुटतो आणि हाड कुठं मोडतं, दोन्हींचे आवाज मला पाठ आहेत. पहिल्या फटक्यालाच कळलं, हा सांध्याचा नाही. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला मी खाली पडले, फटका लादीला लागला, लादीचा टवका उडून माझ्या भुवईत घुसला. तरी तो "मोज, मोज" म्हणत होता, आणि आवाज रडवेला होता, वन्सं. तुम्हाला सांगायला हवं म्हणून सांगते. मला त्याची दया आली नाही.

तेवढ्यात पोरगी शाळेतून आली. दारातून बघितलं आणि सरळ तिच्या गादीकडं धावली. दोन्ही हात खाली घातले. रिकामे. मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेतला राग त्याच्यावर नव्हता, माझ्यावर होता. मी ओरडले, "पळ!"

पळाली. दोन गल्ल्यांवर शाळा. स्पॅनिशच्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या. सवयीनं पोरगी वर्गाच्या दारात त्याच भाषेत ओरडली आणि बाईही म्हणे क्षणभर चुका ऐकत राहिल्या. मग तिच्या बुटावरचं रक्त दिसलं त्यांना. शाळेचा शिपाई तेव्हा दुपारच्या पाळीची सुटायची घंटा द्यायला उभा होता, तो तसाच हातातला घंटेचा हातोडा घेऊन धावला. दांडगा गडी. तुमच्या भावाच्या मनगटावर एक टोल दिला, खाली पाडला आणि पोलिस येईपर्यंत छातीवर बसून राहिला. वर मलाच म्हणाला, "ताई, आज शाळा सुटायला उशीर झाला बघा."

बाई दारातच उभ्या. भिंतीवरचा डाग बघितला, दाराची फट बघितली, खुंटीवरचा पट्टा बघितला. एकेक पान आठवत असावं. म्हणाल्या, "ते खरं होतं?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही तारा दिला होता त्याला."

बोलायला नको होतं. खाली बसून लादीचे तुकडे वेचायला लागल्या. आता रोज घरी येतात, भांडी घासतात. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

पोलिसातला साहेब म्हणाला, "एकोणीस वर्षं मार खाल्लात, आधी तक्रार का नाही दिली?" मी म्हटलं, "दिली. नऊ पानं. दर आठवड्याला. खाली सही आहे." तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण सही माझीच ना? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

आता अडलंय कुठं ते ऐका. त्याचा वकील म्हणतो, बाईनंच टॉमी उचलली, नवऱ्यानं जीव वाचवायला हिसकावली. चोराच्या उलट्या बोंबा. आणि पानं? तो शाळेचा छापील कागद दाखवतो: 'रचलेलं चालेल'. बाईंची तांबडी शाई दाखवतो: 'कल्पनाशक्ती जबरदस्त'. सुटला तर तो घरी येणार, आणि या वेळी पोरगी गादीखाली काय ठेवेल ते मी सांगू शकत नाही. ती अजून माझ्याशी धड बोललेली नाही. एवढंच म्हणाली, "तू वाचलंच नव्हतंस." मी म्हटलं, "नाही." त्या रात्री माझ्याजवळ झोपली, पण पाठ करून.

मोजायला लावायचं हे तुमच्या घराबाहेर कोणाला माहीत नाही, असं तुम्हीच लिहिलंत. म्हणजे पोरीनं ते रचलेलं नाही हे सांगू शकणारं माणूस जगात एकच. चार पानंही तुमच्याकडं. जाळायची असतील तर जाळा, चूल तुमची, भाऊ तुमचा. तारीख अठरा डिसेंबर.

एकदा मला खोटं वाचून दाखवलंत. आता चारचौघांत खरं वाचा.

वहिनी


२ डिसेंबर

वहिनी,

पानं टपालानं पाठवत नाही, त्याच्यावर माझा विश्वास नाही. मीच घेऊन येते. सुट्टी देत नव्हते, म्हटलं काढून टाका.

दादासमोर उभी राहीन. त्यानं माझ्यासाठी चौदा खाल्ले ते सांगेन. त्यानं तुला मोजायला लावलं तेही सांगेन. दोन्ही खरं आहे. एकामुळं दुसरं पुसलं जात नाही, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

बारकीला सांग, आत्यालाही आकडे येतात. त्याच भाषेत.

नणंद


२७ एप्रिल

वन्सं,

तुम्ही गेल्यापासून हे पहिलं पत्र. प्लास्टर निघालं, हात पुरता वळत नाही. पंखांवरून मला पिसांवर टाकलंय. बसून काम आहे, ठीक आहे.

तुमचा भाऊ आता पाच वर्षं आत राहणार. कोर्टात तुम्ही बोलत होतात तेव्हा त्याची मान खाली गेली नाही. तुमच्याकडं बघत नुसते ओठ हलवत होता. माझ्याशेजारी बसलेल्या पोरीनं विचारलं, "बाबा मोजतायत का?" मी म्हटलं, "मोजू दे. बाहेर ऐकू येत नाही." तो सुटेल तेव्हाचं तेव्हा. घर दोनच खोल्यांचं, पण दाराला आतून आडणा लावून घेतलाय.

आता मुख्य गोष्ट. काल पोरीची परीक्षा झाली. परीक्षक बाहेरगावचे, त्यांना आमचं काही माहीत नाही. बाई आणि मी दाराबाहेर बाकावर, माझ्या दुसऱ्या बाजूला शिपाई. बाई कानात सांगत होत्या आत काय चाललंय ते. परीक्षकांनी विचारलं, या आठवड्यात घरी काय घडलं? बाईंनी माझा हात एवढा दाबला, तोही मोडका.

पोरीनं खुर्ची पुढं ओढली. मग बोलली. आई कामावरून आली. पिसं झटकली. मी बटाटे सोलले. शेजारणीचं मांजर खिडकीत येऊन बसलं. असलंच तीन मिनिटं. परीक्षक म्हणाले, भाषा बरी आहे, पण फारच सपक. कल्पनाशक्ती कमी पडते. जरा रंगवून सांगायला हवं होतं.

शिपाई उठून आत जायला निघाला होता. मी सदरा धरून बसवला.

एकाहत्तर मार्क. नर्सिंगवाल्यांना पासष्ट पुरतात. जूनमध्ये जाईल.

वर्षातलं शेवटचं पान सोबत पाठवते. या वेळी मी तशीच सही केली नाही. पोरीला समोर बसवलं आणि म्हटलं, आधी एकेक ओळ बोट ठेवून वाच, आईला येत नाही. तिनं वाचलं, मी ऐकलं, मग सही केली. तुम्हीही तपासून घ्या. शेवटच्या दोन ओळी मला आता न अडखळता वाचता येतात. त्यात लिहिलंय:

'रस्सा गार होता. आम्ही तसाच खाल्ला.'

तुमची वहिनी